यादीत नाव नसलं तरी या

जून उजाडला की शाळेकडून घरोघरी ई-मेल जायला लागतात. कलासंध्या, खेळाडूंचं जेवण, बक्षीस समारंभ, बारावीचा निरोप. पाठोपाठ मला ओळखीच्या मराठी पालकांचे फोन सुरू होतात. मी टोरांटोजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते, देशात नव्यानं आलेल्या मुलांचा एक वर्गही घेते. आपलं माणूस म्हणून ते हक्कानं विचारतात, "मॅडम, आमच्या चिरंजीवांचं नाव आहे का हो यादीत?" मी सांगते, यादी माझ्याकडे नसते, ज्यांना बक्षीस आहे त्यांच्या घरी वेगळं पत्र जातं. पलीकडून लगेच उत्तर येतं, "पत्र तर नाही आलं. मग उगाच कशाला यायचं?"

राग मानू नका, पण आज मला या 'उगाच कशाला'बद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. हा प्रश्न कुणी वाईट मनानं विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. आपण ज्या शाळांतून शिकून आलो तिथे बक्षीस समारंभ कसा असायचा ते आठवा. गॅदरिंगचा शेवटचा दिवस, मैदानात मांडव, तासभर उशिरा येणारे प्रमुख पाहुणे, त्यांचं न संपणारं भाषण आणि मग इयत्तावार पहिले तीन. वर्गातल्या उरलेल्या पोरांचे आई-वडील घरीच असायचे, कारण त्यांना कुणी बोलावलेलंच नसायचं. दहावीच्या निकालानंतर तर चौकाचौकांत फ्लेक्स. बोर्डानं गुणवत्ता यादी काढणं बंद करून बरीच वर्षं झाली, पण आपल्या डोक्यातली यादी काही बंद झाली नाही. येताना ती आपण सामानाबरोबर इथे घेऊन आलो.

इथे मात्र 'नंबर' नावाचा रकानाच नाही. ऑन्टारियोतल्या शाळेचं वर्ष सप्टेंबर ते जून. बहुतेक शाळांत त्याची दोन सत्रं असतात, प्रत्येक सत्रात चार विषय. परीक्षा जानेवारीच्या शेवटी, बर्फात, आणि पुन्हा जूनच्या शेवटी. विषयाच्या एकूण गुणांपैकी ७० टक्के सत्रभरात केलेल्या कामाचे आणि ३० टक्के शेवटच्या परीक्षेचे किंवा प्रकल्पाचे. तीन तासांत आयुष्याचा फैसला, असा प्रकार नाही. (प्रत्येक प्रांताची तऱ्हा वेगळी. अल्बर्टात बारावीच्या मुख्य विषयांना प्रांताची डिप्लोमा परीक्षा असते, क्वेबेकात शाळा अकरावीलाच संपते आणि मुलं पुढे सेजेप नावाच्या महाविद्यालयात जातात. तिथले नातेवाईक वेगळं सांगायला लागले तर गोंधळू नका.)

निकालपत्रात तुमच्या मुलाच्या टक्क्यांशेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो, त्या विषयाचा मध्यक. नववी-दहावीच्या सांख्यिकीत आपण तो शिकलो होतो: निम्मी मुलं याच्या वर, निम्मी खाली. मुलगा साधारण कुठे आहे ते यावरून कळतं. वर कितीजण आहेत आणि त्यांची नावं काय, ते कळत नाही. कळण्याची गरजही नाही. तरी दर सत्राला एखादे बाबा मला विचारतातच, "पण मॅडम, वर्गात पहिला कोण?" आता एवढ्या वर्षांनी मी नुसतं हसते.

आणखी एक सांगते. ७० ते ७९ ही इथे तिसरी पातळी, आणि प्रांतानं ठरवलेलं मानक तेच आहे. म्हणजे ७५ पडले तर त्या इयत्तेत जे यायला हवं ते पोराला नीट येतं. ७५ ऐकून आपल्या घरात सुतकी कळा येते ती मला पाहवत नाही.

त्या कागदावरचा सर्वांत मोलाचा भाग आपण वाचतच नाही. टक्क्यांच्या जवळच सहा सवयींचे रकाने असतात: जबाबदारी, कामाची आखणी, स्वतंत्रपणे काम करणं, सहकार्य, पुढाकार आणि स्वतःवरचा ताबा. समोर एक एक अक्षर: ई म्हणजे उत्तम, जी म्हणजे चांगलं, एस म्हणजे ठीक, एन म्हणजे सुधारणा हवी. 'ग्रोइंग सक्सेस' हे प्रांताचं २०१० सालचं मूल्यमापन धोरण आहे. त्यात या सवयी टक्क्यांपासून जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या आहेत, म्हणजे हुशारीच्या आड बेजबाबदारी लपू नये आणि कष्टाळू पोराचे कष्टही कमी गुणांखाली गाडले जाऊ नयेत. ही अक्षरं भरायला मला गुण भरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एकेका मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा लागतो: गटात काम असताना हा काय करत होता, पेपर परत मिळाल्यावर ही चुका बघत बसली की पेपर चुरगाळून पिशवीत कोंबला? आणि पालकभेटीला येऊन तुम्ही विचारता, "९१ ठीक आहेत, पण बाकीचे ९ कुठे गेले?" त्याच कागदावर सहकार्यासमोर 'एन' आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. घरी बसून बोलायचंच असेल तर या दोन्हींपैकी कशावर बोलाल, सांगा बरं.

आता त्या संध्याकाळकडे वळते. आधी राष्ट्रगीत, मग ही भूमी मूळ कुणाची होती याचं स्मरण. आमच्या भागात क्रेडिटच्या मिसिसागा लोकांचं नाव घेतलं जातं. त्या वेळी कृपा करून बोलू नका, मागच्या रांगेतून मराठी कुजबुज मला मंचावर ऐकू येते. मग विषयवार बक्षिसं, मग सन्मानपट. सन्मानपटाची अट शाळा ठरवते, बहुधा सरासरी ८० किंवा त्याच्या आसपास. बारावीच्या कुठल्याही सहा विषयांत मिळून सरासरी ८० आली की 'ऑन्टारियो स्कॉलर'. या दोन्हींना जागांची मर्यादा नाही. तुमची मुलगी आत आली म्हणून कुणी बाहेर जात नाही. म्हणून नावं भराभर वाचली जातात, मुलं रांगेनं येतात, मुख्याध्यापकांचा हात दुखायला लागतो. ज्या पालकांना 'खरं' बक्षीस हवं असतं त्यांना ही गर्दी आवडत नाही. मला फार आवडते.

एकच नाव निघणारं बक्षीसही आहे. गव्हर्नर जनरलचं शैक्षणिक पदक लॉर्ड डफरिन यांनी १८७३ मध्ये सुरू केलं. माध्यमिक शाळेतून सर्वाधिक सरासरीनं बाहेर पडणाऱ्याला त्यातलं कांस्यपदक मिळतं. पिएर त्रुदो, टॉमी डग्लस, लेखिका गॅब्रिएल रॉय यांना हे पदक मिळालं होतं. मान मोठा, यात शंका नाही. पण त्या एका मुलासाठी शाळेत हजार-दीड हजार मुलं नसतात ना!

मंचामागे काय चाललेलं असतं ते तुम्हाला प्रेक्षागृहातून दिसत नाही. दिव्यांच्या फळीशी एक अकरावीचा मुलगा काळे कपडे घालून उभा असतो. नाटकाच्या तिन्ही रात्री तो तिथेच होता, आणि त्याचं काम चोख झालं याची खूण हीच की त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. वाद्यवृंदातली दुसऱ्या रांगेतली क्लॅरिनेटवाली सप्टेंबरात एक सूर धड काढत नव्हती. रोबोटिक्सच्या गटातल्या पोरांनी जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी कार्यशाळेत घालवल्या. त्यांच्यातली एक मुलगी वायरिंग करता करता गटाचा हिशोबही सांभाळायला शिकली. सकाळच्या न्याहारीच्या उपक्रमात शाळा भरायच्या आधी येऊन टोस्ट भाजणारी मुलं असतात. कुणाच्या घरी सकाळी खायला नसतं हे त्यांना माहीत असतं आणि ती कधीही बाहेर बोलत नाहीत. या सगळ्यांसाठी कुठलं पदक काढायचं? शाळा प्रयत्न करते, पण नावं राहून जातातच. त्यांच्या वाटच्या टाळ्या समोर बसलेल्यांनी वाजवायच्या असतात, आणि समोर बसायला माणसं लागतात.

माझी खरी तक्रार आणखी थोडी पुढची आहे. कलासंध्येला तुम्ही येता. आपल्या मुलीचं नृत्य होतं, फोनवर चित्रण होतं, आणि मध्यंतरापर्यंत चार रांगा रिकाम्या. शेवटी गाणाऱ्या मुलांच्या वाट्याला खुर्च्या येतात. पंगतीत आपलं पान संपलं म्हणून आपण असे उठतो का हो? शेजारच्याचा ताकभात व्हायचा असतो, तोवर हात वाळले तरी बसतो. ती रीत आपल्याला कुणी शिकवायला लागली नव्हती.

(चित्रणावरून आठवलं. आपल्या मुलीचा फोटो तुम्ही खुशाल पुण्याला पाठवा, पण तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे फेसबुकवर टाकू नका. काही मुलं कुणापासून तरी लपून इथे राहत असतात. का, ते आम्हीही विचारत नाही.)

या सगळ्यामागे शिक्षक असतात हे तुम्ही गृहीत धरता. त्याबद्दलही थोडं सांगते. ऑन्टारियोत संघाचा प्रशिक्षक होणं, नाटक बसवणं, बुद्धिबळाचा क्लब चालवणं हे शिक्षकाच्या नोकरीचा भाग नाही आणि त्याचे वेगळे पैसेही मिळत नाहीत. ते मनानं करायचं असतं. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारनं बिल ११५ आणून शिक्षकांच्या करारांवर अटी लादल्या, तेव्हा निषेध म्हणून शिक्षकांनी हे मनानं करायचं कामच थांबवलं. कित्येक शाळांमधले संघ उतरले नाहीत, सहली रद्द झाल्या, क्लब बंद पडले. वर्ग मात्र रीतसर भरत होते, गुणही मिळत होते. ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा, नुसत्या वर्गांवर चालणारी शाळा कशी असते. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद मी इथे उकरत नाही. २०१३ उजाडल्यावर हळूहळू सगळं पूर्ववत झालं, तेव्हा वर्गातली पोरं अभ्यासातही जागी झाली, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकते.

पुढे २०२० आलं. मार्चच्या सुट्टीला गेलेली मुलं त्या शालेय वर्षात परत वर्गात आलीच नाहीत. जूनमध्ये समारंभ कसा करायचा? शाळांनी बारावीच्या मुलांच्या घरांसमोर पाट्या रोवल्या, काही ठिकाणी पालकांनी मोटारींच्या रांगा लावून भोंगे वाजवले, प्रमाणपत्रं गाडीच्या खिडकीतून दिली गेली. त्या वर्षी आपल्या मराठी घरांतून मला जितके फोन आले तितके पुन्हा कधी आले नाहीत, आणि एकाही फोनवर कुणी यादी विचारली नाही. "मॅडम, काहीतरी करा, पोरांना असं नुसतं जाऊ देऊ नका," एवढंच सगळे म्हणत होते. तेव्हा तुम्हाला जे समजलं होतं तेच मी आज पुन्हा सांगतेय.

टेरी फॉक्स तुमच्या मुलांना बालवाडीपासून माहीत आहे. दर सप्टेंबरात शाळा धावते, मुलं दोन डॉलरचं नाणं मागून नेतात. कर्करोगानं उजवा पाय गेलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सहून कृत्रिम पायावर निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून थंडर बेजवळ आजारानं थांबला. पुढच्या वर्षी २८ जूनला तो गेला. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची शाळेतली गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलमच्या या मुलाला बास्केटबॉल खेळायचं होतं, आणि उंची होती जेमतेम पाच फूट. प्रशिक्षक बॉब मॅकगिल यांनी सुचवलं की तू लांब पल्ल्याचं धावणं बघ. प्रशिक्षकांवरच्या आदरापोटी तो धावायला लागला, पण बास्केटबॉल काही सोडलं नाही. आठवीच्या आख्ख्या मोसमात त्याला एक मिनिट मैदानात उतरायला मिळालं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यानं सरावात घालवल्या, नववीत तो नियमित खेळू लागला, दहावीत सुरुवातीच्या पाचांत आला. बारावीत शाळेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव निघालं, तेही एकट्याचं नाही, त्याचा जिवलग मित्र डग अल्वर्ड आणि तो, दोघांचं मिळून. त्या शाळेला आज त्याचंच नाव आहे.

मला यातलं आठवीचं वर्ष फार विचार करायला लावतं. त्या वर्षी बाकावर बसलेल्या पोरासाठी कुठल्या समारंभात काय होतं? आठवीतल्या एका मिनिटाचं बक्षीस नसतं. पण त्या मिनिटाला त्याला मैदानात पाठवणारा एक मास्तर होता, आणि पुढच्या मोसमात पुन्हा सरावाला ये म्हणणारी एक शाळा होती. आपली निम्मीअधिक मुलं या घडीला आठवीतल्या टेरीच्या जागी आहेत. दहावी-बारावीत काय होईल ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही.

नव्यानं आलेल्या मुलांबद्दल थोडं सावकाश बोलते, कारण माझा जीव तिथे जास्त गुंततो. नाशिकहून किंवा पिंपरीहून सोळाव्या वर्षी आलेला मुलगा. तिकडे दहावीला ८८ टक्के, शाळा इंग्रजी माध्यमाची. इथे चाचणी होते आणि त्याला इंग्रजीच्या नवशिक्या वर्गांपैकी मधल्या पातळीवर बसवतात. आई-वडिलांना तो अपमान वाटतो. "आमचा इंग्लिश मीडियमचा आहे मॅडम, त्याला या सीरियाच्या आणि युक्रेनच्या पोरांबरोबर कशाला?" मी समजावते, पण खरं समजावतो तो मुलगाच, महिन्याभरानं. त्याला व्याकरण येतं, पण वर्गात हात वर करून 'मला हे पटलं नाही' म्हणता येत नाही. ते आपण त्याला कधी करूच दिलेलं नसतं. वर दहावीची वाचन-लेखनाची प्रांतिक परीक्षा, डिप्लोमासाठी ३० क्रेडिट, ४० तासांचं समाजकार्य. आणि दुपारच्या डब्याच्या वेळी बसायचं कुणाबरोबर, हा या सगळ्यांहून मोठा प्रश्न.

अशा एका मुलाची नुसती झलक सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. फेब्रुवारीत वर्गासमोर बोलायची पाळी आली तेव्हा त्यानं पडद्यावरचं वाक्य न् वाक्य वाचलं, मान एकदाही वर केली नाही. जूनमध्ये त्यानं मोबाइलच्या दोन प्लॅनची समीकरणं मांडली, रेषा कुठे छेदतात ते दाखवलं, कोणता प्लॅन कुणाला परवडेल ते सांगितलं. मागून एका मुलीनं विचारलं, डेटा संपल्यावर काय? त्याला उत्तर येत नव्हतं. तो शांतपणे म्हणाला, ठाऊक नाही, पण बघून उद्या सांगतो. माझ्या लेखी ते वर्षातलं सर्वांत मोठं यश होतं. न येणारी गोष्ट चारचौघांत येत नाही म्हणणं, तेही परक्या भाषेत, तेही सोळाव्या वर्षी! त्याला गणितात ७४ पडले. वडील म्हणाले, "तिकडे ८८ होते." मी त्यांना पुढाकारासमोरचा 'ई' दाखवला. त्यांनी चष्मा काढून तो पाहिला, एवढं खरं.

४० तासांचं म्हणाल तर आपल्याकडे एक वाईट प्रथा पडत चालली आहे. ही अट १९९९ पासून आहे आणि ती सोपी आहे. पण बारावीच्या मार्चमध्ये जाग येते आणि मग ओळखीच्या काकांची सही शोधली जाते. पोरगं एकही तास कुठे गेलेलं नसतं. त्यातून ते काय शिकतं हे मी सांगायला नको. उलट आपल्याच गणेशोत्सवात मी पाहते, महाप्रसादानंतर टेबलं पुसणारी, भांडी मोजून परत करणारी, पार्किंगमध्ये थंडीत विजेरी घेऊन उभी राहणारी मुलं असतात. त्यांचे तास खरे असतात. मग आपल्या मंडळात 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार' होतो तेव्हा शाल-श्रीफळ कुणाला? ज्याला वॉटर्लूला प्रवेश मिळाला त्याला. त्याला द्याच, त्यानं रात्री जागवल्या आहेत, गणिताच्या पास्कल, केली, फर्मा, युक्लिड अशा स्पर्धा दरवर्षी दिल्या आहेत. पण विजेरीवालीचंही नाव एकदा माइकवर घ्या. मंडळाच्या कार्यकारिणीतले काहीजण हे वाचतील, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि तो मुलगा, ज्यानं शाळेत असतानाच कारागिरीची उमेदवारी धरली? त्यासाठी ऑन्टारियोत रीतसर योजना आहेत. कुणी वीजजोडणी शिकतं, कुणी स्वयंपाक, कुणी मोटारदुरुस्ती. विशेष कौशल्याचा पूर्ण अभ्यासक्रम केला तर डिप्लोमावर लाल शिक्का येतो. शाळेच्या समारंभात अशा मुलाला तुफान टाळ्या पडतात, कारण त्याच्या मित्रांना ठाऊक असतं की तो पहाटे उठून कामावर जातो. आपल्या घरच्या समारंभात मात्र त्याची आई विषय बदलते. "सध्या जरा काहीतरी करतोय, पुढे इंजिनिअरिंग करेल." घराचं विजेचं काम काढलं की आपण इथल्या इलेक्ट्रिशियनच्या तारखेसाठी तीन आठवडे थांबतो आणि तो सांगेल ते बिल मुकाट भरतो. मग आपलं पोरगं ते करतंय म्हणताना जीभ का अडखळते? या बाबतीत मी फार मवाळ बोलू शकत नाही.

समारंभाहून परतताना गाडीत काय बोलता, तेही महत्त्वाचं आहे. मुलं मला दुसऱ्या दिवशी सांगतात, म्हणून मला माहीत. "त्या अमक्याची मुलगी चार वेळा वर गेली, तू एकदा तरी?" हे वाक्य वर्षानुवर्षं टिकतं. त्यापेक्षा विचारा, ड्रम वाजवणारा मुलगा तुझ्या वर्गातला का? ते दिवे कोण लावत होतं? त्या मुलीला एवढ्या टाळ्या का पडल्या? तिच्याबद्दल बोलता बोलता पोरगं स्वतःबद्दल बोलायला लागतं, माझा अनुभव आहे. दुसऱ्याच्या यशावर आई-वडील मोकळेपणी खूश झालेले दिसले की स्वतःच्या अपयशाबद्दल घरी सांगायची भीतीही जरा कमी होते. ही गोष्ट पुस्तकात वाचून सांगत नाही, वर्गात ऐकून सांगते.

एक कायद्याची गोष्ट जाता जाता. मूल १८ वर्षांचं झालं की त्याचं निकालपत्र तुम्हाला दाखवायचं की नाही हे तेच ठरवतं, शाळा त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगू शकत नाही. बारावीत असतानाच पुष्कळ मुलं अठराची होतात. दरवर्षी एखादे वडील कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटतात, "फी मी भरणार, गुण मला का नाही?" नियम नियम आहे. ज्या घरात चौथी-पाचवीपासून निकालाच्या दिवशी आवाज चढलेला नाही, त्या घरात हा प्रश्नच येत नाही, मूल स्वतः फोन पुढे करतं.

तेव्हा या वर्षी या. आजी-आजोबा सुपर व्हिसावर आलेले असतील तर त्यांनाही आणा. जूनमध्ये इथे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, परतताना त्यांना त्रास होणार नाही. भाषणांतलं इंग्रजी त्यांना नाही समजलं तरी बँड समजतो, नाच समजतो. शिवाय एक सांगू? आजी मंडळी सगळ्यांसाठी टाळ्या वाजवतात. कोण कुणाचा, हे त्या बघतच नाहीत. मागच्या वर्षी एका आजींनी शेजारच्या सोमाली बाईंना विचारलं, "तुमचा कुठला?" मराठीतच. त्या बाईंनी बोटानं मंचावरचा एक उंच मुलगा दाखवला. पुढचा तासभर दोघी एकमेकींच्या नातवंडांसाठी आणि लेकरांसाठी टाळ्या वाजवत होत्या. माझ्या हातात ध्वनिक्षेपक होता, नाहीतर मीही त्यांच्यात जाऊन बसले असते.

कार्यक्रम सातला सुरू होतो, दारं साडेसहाला उघडतात. गाडी मागच्या मैदानाजवळ लावा, पुढची जागा बससाठी लागते. खाऊच्या टेबलावर पालक समितीला दोन-तीन माणसं कमी पडतात, त्यांना आदल्या दिवशी ई-मेल करा. खायचं काही घरून आणणार असाल तर त्यात शेंगदाणे नसावेत, म्हणजे चिवडा नको, लाडूही विचारूनच आणा. आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच पळू नका. तीनशे खुर्च्या आवरायच्या असतात, आमचा रखवालदार एकटा आहे.